आधुनिक युरोपचा (जर्मनीचा) इतिहासकार व्हायचं तर वाट नेमकी कशी असते?

रेघोट्या

नमस्कार मंडळी. इतिहासात एमए झालंय, जर्मन बी१ पूर्ण आहे, बी२ चालू आहे. पीएचडी करायची ती वायमार काळावर, म्हणजे १९१८ ते १९३३ च्या जर्मन प्रजासत्ताकावर. विद्यापीठात आधुनिक युरोपचा इतिहासकार म्हणून उभं राहायचं तर टप्पे कोणते, प्रत्येकाला किती वर्षं जातात आणि लोक गळतात ते नेमके कुठे, हे जाणकारांनी सांगावं. जर्मनीत करावी की ब्रिटनमध्ये की अमेरिकेत, हाही प्रश्न आहेच. हाबिलिटात्सिओनबद्दल (पीएचडीनंतर प्राध्यापकीसाठीची जर्मन पात्रता) कुणी म्हणतं ते आता संपलं, कुणी म्हणतं त्यावाचून पान हलत नाही. अर्काइव्हमध्ये (दप्तरखान्यात) पाय ठेवण्याआधी इथे बसून काय शिकून घेता येईल?

आणि सगळ्यात छळणारा प्रश्न विषयाचा. जो तो "भारत आणि जर्मनी असं काहीतरी घे" म्हणतो. मला काम करायचंय ते बर्लिनमधली घरभाडी आणि मालक-भाडेकरूंचे तंटे यांवर. भारताचा त्यात काही संबंध नाही. हा हट्ट पुढे नोकरीत आड येईल का?

---

दप्तरदार

जर्मनीपुरतं सविस्तर लिहितो.

पीएचडीला तिथे दोन दारं आहेत. जुनं दार म्हणजे प्राध्यापक गाठायचा, त्याने किंवा तिने मार्गदर्शन करायला होकार दिला की विद्याशाखेकडे डॉक्टोरांड (पीएचडीचा विद्यार्थी) म्हणून नोंद करायची. प्रवेशपरीक्षा नाही, वर्ग नाहीत, आणि पैसाही नाही. तो वेगळा उभा करायचा. दुसरं दार म्हणजे ग्राडुइर्टेनकोलेग (पीएचडीवाल्यांचा गट-कार्यक्रम) किंवा तत्सम शाळा. तिथे जाहिरात निघते, विषयाची चौकट ठरलेली असते, तीन-चार वर्षांचा पगार किंवा शिष्यवृत्ती मिळते आणि बरोबरीची दहा-बारा माणसं असतात. बाहेरच्या देशातून येणाऱ्याला दुसरं दार जास्त सोयीचं, पण तुमचा विषय त्यांच्या चौकटीत बसला पाहिजे. बळेच बसवलेला विषय मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत उघडा पडतो.

पैशाचे नेहमीचे मार्ग: डीएएडी (जर्मनीची शैक्षणिक देवाणघेवाण संस्था), राजकीय पक्षांशी जोडलेल्या संस्था (फ्रीड्रिश एबर्ट, कोनराड आडेनाउअर, हाइनरिश ब्योल, रोझा लुक्सेंबुर्ग) आणि इतिहासासाठी खास म्हणजे गेर्डा हेंकेल प्रतिष्ठान. माइन्झच्या युरोपीय इतिहासाच्या लाइबनित्स संस्थेत डॉक्टरेटवाल्यांना काही महिने राहून काम करायला शिष्यवृत्ती मिळते. लेखनाच्या शेवटच्या वर्षासाठी ती फार उपयोगी पडते. एखाद्या प्राध्यापकाच्या लेअरश्टूलवर (अध्यासनावर) सहायकाची जागा मिळाली तर ती ई१३ या सरकारी वेतनश्रेणीत, पण इतिहासात बहुतेकदा अर्धी किंवा ६५ टक्के. म्हणजे पगार अर्धा, काम मात्र सहसा अर्ध्याहून जास्त. शिकवणं, परीक्षा, परिषदेची व्यवस्था हे सगळं त्यातच येतं. व्हिसाला बहुतेकदा एपीएस प्रमाणपत्र (भारतीय पदव्यांची छाननी करून दिलेलं) लागतं; काही शिष्यवृत्तीधारकांना सूट आहे. त्याला वेळ लागतो, म्हणून अर्ज मंजूर व्हायची वाट न पाहता ते आधीच करून घ्या.

प्रबंधाला प्रत्यक्षात चार ते पाच वर्षं जातात. तोंडी परीक्षा झाली तरी प्रबंध प्रकाशित केल्याशिवाय डॉक्टर ही पदवी लावता येत नाही. विद्यापीठाच्या सर्व्हरवर टाकून नियम पाळता येतो, पण इतिहासात चांगल्या मालिकेत छापील पुस्तक आलेलं बघतात. त्या मालिकांना छपाईसाठी लेखकाकडून काही हजार युरोंचं अनुदान लागतं. त्याची तजवीज शेवटच्या वर्षात नाही, दुसऱ्या वर्षातच डोक्यात ठेवा.

आता गळतीची जागा. ती पीएचडीत नाही, पीएचडीनंतर आहे. २००७ च्या कायद्याप्रमाणे विद्यापीठातल्या मुदतीच्या नोकऱ्यांना मर्यादा आहे: डॉक्टरेटआधी ६ वर्षं, नंतर ६ वर्षं. मूल असल्यास वाढ मिळते, आणि बाहेरून आणलेल्या प्रकल्पाच्या पैशावर वेगळ्या नियमाने राहता येतं. पण त्या बारा वर्षांत कायम जागा मिळाली नाही, तर तुम्ही कितीही चांगले असलात तरी दार बंद. २०२१ मध्ये 'इश बिन हाना' ('मी हाना') या हॅशटॅगखाली हजारोंनी यावरच लिहिलं. प्राध्यापकीच्या खाली कायम जागा जवळजवळ नाहीतच, हे मूळ दुखणं आहे. ब्रिटनमध्ये लेक्चरर कायम असतो, जर्मनीत त्या वयाचा माणूस तीन-तीन वर्षांच्या करारावर असतो.

हाबिलिटात्सिओन संपलेलं नाही. २००२ पासून कनिष्ठ प्राध्यापकाची जागा (युनिओरप्रोफेसुर, ३+३ वर्षं, वेतनश्रेणी डब्ल्यू१) आली आणि कागदोपत्री हाबिलिटात्सिओनची सक्ती उरली नाही. पण निवड समिती मागते ते 'दुसरं पुस्तक', आणि ते काही टळलं नाही. परीक्षा देऊन मिळवा नाहीतर तेवढ्या वजनाचं पुस्तक लिहून दाखवा. हे दुसरं पुस्तक पहिल्याच्या शेजारचं चालत नाही. काळ बदलायला हवा, जमल्यास देशही. कारण लेअरश्टूलचं नावच 'नॉयरे उंड नॉयेस्टे गेशिश्टे' असतं, म्हणजे साधारण १८०० पासून आजपर्यंत सगळं शिकवायची जबाबदारी. वायमारवर पीएचडी केलेल्याने दुसरं काम एकोणिसाव्या शतकावर किंवा १९४५ नंतरच्या काळावर घ्यावं. वायमारवरच दोन पुस्तकं असली की समितीत हमखास शेरा येतो: विस्तार अपुरा.

हाबिलिटात्सिओन झालं आणि जागा नसली तर माणूस प्रिवाटडोत्सेंट होतो. पदवी टिकवायला दर सत्रात थोडं शिकवावं लागतं, बरेचदा विनामोबदला. शिकवणं थांबलं की पदवी जाते.

प्राध्यापकीची निवड: जाहिरात, मग समिती सहसा पाच-आठ जणांना व्याख्यानाला बोलावते (याला तिथे 'फोरझिंगन' म्हणतात), मग बाहेरच्या तज्ज्ञांकडून तुलनात्मक अहवाल, मग तिघांची क्रमवार यादी, मग पहिल्याला बोलावणं, मग त्याच्याशी पगार आणि सहायकांच्या जागांवर वाटाघाटी. तो नाही म्हणाला तर दुसरा. यात वर्ष सहज जातं, कधी दोन. आपल्याच विद्यापीठात थेट प्राध्यापक होता येत नाही असा दंडक आहे, म्हणून गाव बदलायची तयारी हवीच. पहिली प्राध्यापकी चाळिशीच्या पुढेमागे मिळते. तुम्ही आज पंचविशीत असाल तर हिशेब पंधरा वर्षांचा धरा.

---

शाईपेन

"इथे बसून काय शिकता येईल" याचं उत्तर देतो. पहिली भाषा. बी२ ला गोएथे संस्थेच्या अंदाजाने एकूण ६०० ते ८०० तासिका लागतात, आणि बी२ म्हणजे फक्त उंबरठा. वायमारमधली सरकारी जर्मन वेगळीच असते: एका वाक्यात चार पोटवाक्यं आणि क्रियापद पानाच्या तळाशी. त्यावर उपाय म्हणजे छापील दस्तऐवज रोज दोन पानं वाचणं. वायमार मंत्रिमंडळांच्या बैठकींची टिपणं संपादित होऊन आंतरजालावर फुकट आहेत. राइशस्टागमधली (तेव्हाच्या संसदेतली) भाषणंही आहेत. कोर्सच्या पुस्तकापेक्षा ती वाचा.

दुसरी लिपी. १९४१ च्या आधीचं छापील बरंचसं फ्राक्टुर या जुन्या छापील वळणात असतं, ते आठवड्याभरात डोळ्यात बसतं. खरा प्रश्न हस्ताक्षराचा. १९२० च्या दशकात मंत्रालयातलं मुख्य पत्र टंकलेखित असतं, पण निर्णय असतो समासात, आणि तो कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत पेन्सिलीने खरडलेला. कुरेंटमध्ये ई (e) आणि एन (n) ही अक्षरं जवळपास सारखी दिसतात, यूच्या डोक्यावर कमान असते, शब्दातला लांब एस आणि एच खालीवर लोंबतात. जुनं मोडी हस्ताक्षर वाचणाऱ्याला हे ओळखीचं वाटेल: अक्षर सुटं ओळखत बसायचं नाही, शब्दाचा आकार धरायचा. शिकायची पद्धत एकच, स्वतः लिहायचं. दीड-दोन महिने रोज अर्धा तास बोरू किंवा टाकाने जर्मन वाक्यं कुरेंटमध्ये लिहिली की वाचन आपोआप सुटतं. नुसते तक्ते पाहणारे महिनोन्‌महिने अडखळतात. ट्रान्सक्रिबुस हे हस्तलेखन ओळखणारं सॉफ्टवेअर मदतीला आहे, पण समासातल्या घाईच्या पेन्सिलीवर ते घसरतं, आणि नेमकं तेच तुम्हाला हवं असतं.

समासाबद्दल आणखी एक. जर्मन मंत्रालयांच्या कामकाजात पेन्सिलीचा रंग ठरलेला असतो: मंत्र्याचा हिरवा, स्टाट्सझेक्रेटेअरचा (सचिवाचा) लाल, विभागप्रमुखाचा निळा. फाईल काळ्या-पांढऱ्या मायक्रोफिल्मवर पाहिली तर हा पुरावा पूर्ण पुसला जातो. शेरा कुणाचा ते कळत नाही आणि 'मंत्र्याने नाकारलं' असं लिहून बसायची वेळ येते, जेव्हा नाकारणारा दुय्यम अधिकारी असतो. रंगीत प्रत मिळत असेल तर ती मागा. 'त्सु डेन आक्टेन' (आपल्याकडचं 'दप्तरी दाखल') आणि 'वीडरफोरलागे' (ठरल्या तारखेला पुन्हा समोर ठेवा) यांची लघुरूपं पाठ करा. कागद कुठे मेला आणि कुठे जिवंत राहिला हे त्यावरून कळतं.

तिसरी गोष्ट, अर्काइव्हांचा नकाशा. बुंडेसआर्खिव्ह (जर्मनीचं राष्ट्रीय अर्काइव्ह) एका गावात नाही. कोब्लेन्झला १९४९ नंतरच्या संघराज्याचे कागद, बर्लिन-लिश्टरफेल्डला राइशचे (१९४५ पर्यंतच्या जर्मन राज्याचे) आणि पूर्व जर्मनीचे, फ्रायबुर्गला लष्कराचे, लुडविग्सबुर्गला नाझी गुन्ह्यांच्या तपासाचे. १७ जून २०२१ पासून स्टाझीची (पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांची) कागदपत्रंही त्यांच्याकडे. संकेतांक पाहून काळ कळतो: 'आर' म्हणजे १९४५ आधीचं राइश, 'एनएस' म्हणजे नाझी पक्ष, 'बी' म्हणजे संघराज्य, 'डी' पासून सुरू होणारे पूर्व जर्मनीचे. आर ४३ म्हणजे राइशचं चान्सलर कार्यालय, आर ३९०१ म्हणजे कामगार मंत्रालय. इनवेनिओ या शोधयंत्रावर घरबसल्या फायलींची नावं पाहता येतात, आणि बऱ्याच फायली पूर्ण पाहताही येतात. जाण्याआधी याद्या करून ठेवणाऱ्याचं काम तीन आठवड्यांत उरकतं. तिथे जाऊन यादी शोधायला बसणाऱ्याला तेच दोन महिने लागतात.

काय नाही ते आधी माहीत हवं. प्रशियाच्या सैन्याचे कागद एप्रिल १९४५ मध्ये पोट्सडामच्या बॉम्बहल्ल्यात जळाले. म्हणून पहिल्या महायुद्धावर काम करणारे म्युनिक, स्टुटगार्ट, ड्रेस्डेन, कार्ल्सरूहे इथे बव्हेरिया, व्युर्टेम्बर्ग, सॅक्सनी, बाडेनच्या तुकड्यांचे कागद वापरतात. ज्याला हे माहीत नसतं तो बव्हेरियाच्या पुराव्यावर 'जर्मन सैन्य' असं लिहून मोकळा होतो. कोलोनचं नगर-अर्काइव्ह ३ मार्च २००९ ला कोसळलं आणि कागदांची डागडुजी अजून चालू आहे. तिथला विषय घेताना आधी पत्र टाकून कुठली फाईल आज पाहता येते ते विचारा.

व्यक्तींच्या फायलींना २०१७ च्या कायद्याने मुदत आहे: मृत्यूनंतर १० वर्षं, मृत्यूची तारीख कळत नसेल तर जन्मानंतर १०० वर्षं. १९२० च्या दशकातल्या प्रौढ माणसांना याची अडचण येत नाही. १९५० च्या दशकात शिरलात की येते. दुसऱ्या पुस्तकाचा विषय ठरवताना हे ध्यानात ठेवा.

फोटो काढताना आधी फाईलच्या आवरणाचा, संकेतांक दिसेल असा. मग प्रत्येक पान, कोपऱ्यातला पानक्रमांकाचा शिक्का दिसेल असा. मग पाठमोरी बाजू, कोरी वाटली तरी. फोटोंच्या फोल्डरला संकेतांकाचंच नाव द्या, त्याच संध्याकाळी. हे चुकलं तर तीन वर्षांनी तळटीप लिहिताना उतारा हाताशी असतो आणि तो कुठला ते सांगता येत नाही. तो उतारा मग वापरता येत नाही.

---

थेम्सकाठ

ब्रिटन आणि अमेरिकेबद्दल.

ब्रिटनमध्ये पीएचडी तीन-चार वर्षांची, शब्दमर्यादा कडक (केंब्रिजला इतिहासात ८०,०००, ऑक्सफर्डला १,००,०००), शेवटी एक अंतर्गत आणि एक बाहेरचा परीक्षक. वर्ग नसतात, म्हणून भाषा आणि विषय घेऊनच जायचं. युरोपीय इतिहासाच्या ब्रिटिश अर्जदारांची परकीय भाषा दिवसेंदिवस कच्ची होत चाललीय, त्यामुळे भारतातून आलेल्या माणसाचं पक्कं जर्मन अर्जात ठळक दिसतं. २०२१ पासून सरकारी संशोधन परिषदांच्या शिष्यवृत्त्या बाहेरच्या विद्यार्थ्यांनाही मिळतात, कमाल ३० टक्के जागांपर्यंत. त्याखेरीज कॉमनवेल्थ, गेट्स केंब्रिज, फेलिक्स, इनलॅक्स.

नंतरचा पूल म्हणजे कॉलेजांच्या कनिष्ठ फेलोशिप, ब्रिटिश अकॅडमी किंवा लेव्हरह्यूमची तीन वर्षं. मग लेक्चरर. इथे दुसऱ्या पुस्तकाच्या आधी कायम नोकरी मिळू शकते, हा जर्मनीहून मोठा फरक. मात्र सहा-सात वर्षांनी होणाऱ्या संशोधन मूल्यांकनात (मागचं २०२१ ला झालं) विभागाची पत ठरते, आणि निवड समितीची नजर त्यावर असते: पुढच्या फेरीपर्यंत या माणसाचं पुस्तक येणार का? म्हणून मुलाखतीत 'पुस्तकाचं काम चालू आहे' हे पुरत नाही. प्रकाशकाशी करार झालाय की प्रकरणं परीक्षकांकडे गेलीत, ते नेमकं सांगावं लागतं. गेल्या काही वर्षांत इतिहासाचे विभाग आकसले आहेत, जागा बंद झाल्या आहेत. हे धरूनच निर्णय घ्या.

कारकीर्द प्रत्यक्षात कशी सरकते हे पाहायला जर्मनीवर लिहिणारे ब्रिटिश इतिहासकार रिचर्ड इव्हान्स यांचे टप्पे पाहा: १९७२ ला स्टर्लिंग, १९७६ ला ईस्ट अँग्लिया, १९८९ ला लंडनचं बर्कबेक, १९९८ ला केंब्रिज, तिथे २००८ ते २०१४ रीजियस (राजनियुक्त, मानाच्या पदावरचे) प्राध्यापक. पहिलं काम जर्मन स्त्रियांच्या चळवळीवर, पुढचं मोठं काम १८९२ च्या हॅम्बुर्गमधल्या कॉलऱ्यावर. दप्तरदार म्हणतात तो विषयबदल ब्रिटनमध्येही कसा उपयोगी पडतो ते इथे दिसतं. हिटलरचे चरित्रकार इयन कर्शॉ यांचा मार्ग तर अगदीच निराळा. ते १९६८ ला मँचेस्टरला मध्ययुगाचे लेक्चरर म्हणून लागले, मध्ययुगीन शेतकऱ्यांच्या अभ्यासासाठी जर्मन शिकायला घेतलं, १९७४ ला आधुनिक इतिहासाकडे वळले, म्युनिकच्या समकालीन इतिहास संस्थेच्या बव्हेरिया प्रकल्पात काम केलं, १९८७ ला नॉटिंगहॅम आणि १९८९ ला शेफील्डला प्राध्यापक झाले. कायम नोकरी हाती असताना विषय बदलायची मोकळीक त्या काळात होती. आज करारावरच्या माणसाला ती नाही, म्हणून कर्शॉंचा रस्ता नमुना म्हणून धरू नका.

अमेरिकेत पाच ते सात वर्षं. पहिली दोन वर्षं वर्ग, मग तीन-चार क्षेत्रांतली मोठी परीक्षा, मग प्रस्ताव, मग अर्काइव्ह आणि लेखन. पैसा बहुतेक चांगल्या विद्यापीठांत पाच वर्षांचा हमीने असतो, बदल्यात शिकवायचं. ज्याला एमएमध्ये युरोपचं वाचन फार मिळालं नाही त्याला ती दोन वर्षं सोन्यासारखी. नोकरीत सहाव्या वर्षी टेन्युअरचा (कायम करण्याचा) फैसला, साधारण एका पुस्तकावर. पण निव्वळ 'आधुनिक जर्मनी' अशी जाहिरात तिथे विरळ झालीय. 'युरोप आणि जग', 'साम्राज्य', 'स्थलांतर' अशा जोडनावांनी जागा निघतात.

शाईपेन यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोड. या क्षेत्रात तळटीप तपासली जाते, आणि कठोरपणे. १९८० च्या दशकात प्रिन्स्टनच्या डेव्हिड अब्राहम यांच्या वायमारवरच्या पुस्तकातले अर्काइव्हमधले उतारे इतरांनी मुळाशी ताडून पाहिले. तारखा, नावं, अवतरणं यांत चुका निघाल्या. चुका त्यांनी मान्य केल्या, बनवाबनवीचा आरोप मान्य केला नाही, आणि बरेच नामांकित इतिहासकार त्यांच्या बाजूने उभे राहिले. तरी इतिहासातली जागा मिळाली नाही. ते पुढे कायद्याचे प्राध्यापक झाले. दुसरीकडे २००० सालच्या लंडनमधल्या अर्व्हिंग विरुद्ध लिपस्टाट खटल्यात (होलोकॉस्ट नाकारणाऱ्या डेव्हिड अर्व्हिंग यांनी इतिहासकार डेबोरा लिपस्टाट यांच्यावर लावलेला बदनामीचा दावा) इव्हान्स आणि त्यांच्या दोन संशोधक सहायकांनी अर्व्हिंग यांच्या तळटीपा मूळ कागदांशी जुळवत सातशेहून अधिक पानांचा अहवाल दिला, आणि निकालात त्याचं वजन मोठं होतं. घाईची नोंदवही एकाला नोकरीला मुकवते, आणि तेच तपासणीचं कसब न्यायालयात होलोकॉस्ट नाकारणाऱ्याला उघडं पाडतं.

---

रेघोट्या

सगळ्यांचे मनापासून आभार. हे एका जागी कुठेच मिळालं नव्हतं. विषयाचं मात्र राहिलं. घरभाडं की भारत-जर्मनी? आणि प्राध्यापकाला पाठवायचं एक्सपोझे (संशोधनाचा प्रस्ताव) किती लांब, त्यात काय असावं?

---

दप्तरदार

घरभाडंच. कारण सांगतो.

प्रबंधाचा विषय दहा वर्षांनी तुम्हाला कोणत्या खुर्चीसाठी बोलावणार ते ठरवतो. भारत-जर्मनी घेतला तर समिती तुम्हाला जागतिक इतिहासात किंवा दक्षिण आशियात बसवते. ते काम वाईट नाही, उलट तिथे साहित्य भरपूर आहे. 'जर्मन अर्काइव्हांतील आधुनिक भारत' या दीर्घ प्रकल्पाने १७०६ ते १९८९ पर्यंतच्या कागदांची सूची आंतरजालावर दिली आहे. पहिल्या महायुद्धात बर्लिनच्या भारतीय समितीच्या फायली परराष्ट्र खात्याच्या अर्काइव्हमध्ये आहेत. पांडुरंग खानखोजे, बर्लिनमध्ये डॉक्टरेट केलेल्या इरावती कर्वे अशी मराठी माणसंही त्या जगात भेटतात. ज्याला ते मनापासून हवंय त्याने जरूर घ्यावं. पण तुम्हाला युरोपचा इतिहासकार म्हणून ओळखलं जायचं असेल, तर पहिलं पुस्तक निखळ जर्मन प्रश्नावर असू द्या. भारतीय नाव आणि भारतीय विषय एकत्र आले की पुढे 'या व्यक्तीला वायमार शिकवता येईल का' ही शंका कायम मागे लागते. नंतर दुसऱ्या पुस्तकात मुंबईचा १९१८ चा भाडेकायदा आणि बर्लिन शेजारी ठेवलेत तर ते कमालीचं काम होईल. पहिल्यात नको. तिथे तुलना म्हणजे दोन अर्काइव्ह, दोन कायदे, दुप्पट वाचन, आणि पैसा तीन-चार वर्षांचाच.

एक्सपोझे १० ते १५ पानं, पण आधी जाते ती पत्रासोबतची एक पानाची रूपरेषा. त्यावर होकारार्थी उत्तर आलं तर पूर्ण पाठवायचं. पत्रात त्या प्राध्यापकाचं नेमकं कोणतं काम तुमच्या प्रश्नाला भिडतं ते दोन वाक्यांत लिहा. पाच जणांना एकच पत्र पाठवलेलं लगेच ओळखू येतं. तीन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, मग पुढचा.

आतल्या गोष्टींत सर्वात जास्त वजन प्रश्नाला आणि साधनांना. 'वायमारमधील गृहप्रश्न' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न असा हवा: १९२२ चा राइश भाडेकायदा आणि १९२३ चा भाडेकरू संरक्षण कायदा आल्यावर तंटा-समित्यांपुढे (मीटआइनिगुंग्सएम्टर) भाडेकरूंनी कोणत्या हक्काची भाषा वापरली, आणि महागाई उसळल्यावर ती बदलली का? मग साधनं, संकेतांकांसह. कामगार मंत्रालयाचे कागद लिश्टरफेल्डला, प्रशियाच्या लोककल्याण मंत्रालयाचे डाहलेमच्या गेहाइमेस स्टाट्सआर्खिव्हमध्ये (प्रशियाचं सरकारी अर्काइव्ह), महापालिका आणि जिल्हा कार्यालयांचे बर्लिनच्या लांडेसआर्खिव्हमध्ये (राज्य अर्काइव्ह). मालक आणि भाडेकरू दोन्ही संघटनांची नियतकालिकं छापील आहेत. एक्सपोझे पाठवण्याआधी लांडेसआर्खिव्हला ईमेल करून तंट्यांच्या मूळ फायली कोणत्या भागाच्या आणि कोणत्या वर्षांच्या उरल्यात ते विचाराच. अशा खालच्या पातळीवरच्या फायली कार्यालयांनी मुदत संपल्यावर निकालात काढलेल्या असतात. पाच-सात टक्के नमुना उरला असेल तर प्रश्न त्या नमुन्याला साजेसा करावा लागतो. फायली आहेत असं गृहीत धरून लिहिलेलं एक्सपोझे तज्ज्ञ पहिल्या वाचनात बाजूला ठेवतो.

शेवटी महिन्यांचा तक्ता. अर्काइव्हला पहिल्या दीड वर्षात बारा महिने, लेखनाला दीड वर्ष, शेवटचे सहा महिने राखीव. राखीव महिने दाखवायला लाजू नका, परीक्षकांना ते समंजसपणाचं लक्षण वाटतं.

---

मांडवीकर

आमच्या गोंयकारांसाठी थोडकं, कारण 'आधुनिक युरोप' म्हणजे सगळ्यांनीच जर्मनी करायला हवा असं नाही. पोर्तुगालच्या सालाझारशाहीवर (विसाव्या शतकातल्या हुकूमशाहीवर) काम करायला गोव्यातला विद्यार्थी चांगल्या जागी आहे. पोर्तुगीज गोवा विद्यापीठात शिकता येते. लिस्बनच्या तोर्रे दो तोंबो या राष्ट्रीय अर्काइव्हमध्ये राजकीय पोलिसांचं (पीदे) प्रचंड अर्काइव्ह आहे, वसाहतींचे कागद आर्किव्हो इस्तोरिको उल्त्रामारिनोमध्ये (समुद्रापारच्या प्रदेशांचं अर्काइव्ह) आणि परराष्ट्र खात्याचे वेगळ्या अर्काइव्हमध्ये. पणजीतल्या कागदांचं दुसरं टोक लिस्बनला सापडतं: तिथून सुटलेलं पत्र आणि इथे आलेलं पत्र दोन्ही पाहिलं की मधे काय गाळलं ते कळतं. डॉक्टरेटसाठी एफसीटीची (पोर्तुगालच्या सरकारी संशोधन-निधी संस्थेची) शिष्यवृत्ती दरवर्षी निघते, चार वर्षांपर्यंत, परदेशी अर्जदारांनाही. स्पर्धा मोठी आहे, पण जर्मन शिकून तीन शतकांचं वाचन करण्यापेक्षा इथल्या मुलाला हे जवळचं. पेनिशच्या किल्ल्यात कैदेत राहिलेल्या त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हांसारख्या गोमंतकीयांचे धागे घेऊन थेट पोर्तुगीज हुकूमशाहीच्या तुरुंगव्यवस्थेवर लिहिता येतं. तो युरोपचाच इतिहास आहे.

---

पाटीपेन्सिल

परत येऊन इथे नोकरीचं विचारलं नसलंत तरी लिहितो, कारण हे उशिरा कळतं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत सहायक प्राध्यापक पदासाठी परदेशी पीएचडी नेटशिवाय चालते, पण ते विद्यापीठ क्यूएस, टाइम्स किंवा शांघाय यांपैकी एका क्रमवारीत पहिल्या ५०० मध्ये असलं पाहिजे. जर्मनीतली काही लहान विद्यापीठं इतिहासात उत्तम आहेत आणि त्या यादीत नाहीत. तेव्हा विद्यापीठ निवडताना ही यादी समोर ठेवा, किंवा नेट आत्ताच काढून ठेवा. नेट हाताशी असलं तर हा प्रश्नच उरत नाही. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) मिळालं तर बी२ पासून एक्सपोझेपर्यंतचा काळ निघतो (२०२३ पासून महिना ३७,००० रुपये), पण त्यासाठी इथल्या विद्यापीठात पीएचडीची नोंद लागते. जर्मनीला निघायच्या वेळी ती रीतसर रद्द करावी लागते, नाहीतर दोन नोंदण्यांचा घोळ होतो. आपल्याकडे पदवीला फ्रेंच राज्यक्रांतीपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंतचा युरोप सगळीकडे शिकवला जातो आणि मूळ कागद पाहिलेला शिक्षक त्या तासाला क्वचित असतो, म्हणून अशी माणसं परत यायला हवीत. नेटचा पेपर द्याच.